तिसऱ्या दिवशी घरी

काजू बीच्या सौद्यात तोंडापेक्षा पाय जास्त कामाला येतात. समोरचा अडून बसला की पदर झटकायचा, उठायचं आणि चालू लागायचं. चार पावलं झाली की मागून हाक येते, "अगो बाय, बस गो. एवढं काय रागावायचं?" ही हाक आली की भाव आपला. गेली बावीस वर्षं मी अशीच उठत आले आहे. उठून गेले नाही असा सौदा मला आठवत नाही आणि परत बोलावलं नाही असे मोजून दोन-तीन असतील.

मी संगमेश्वरच्या आसपासच्या वाड्यांमधून बी विकत घेते. माझ्या शेडमध्ये अकरा बायका ती भाजून, फोडून, सोलून देतात. ही शेड मला कुणी आंदण दिलेली नाही. मी आधी दुसऱ्याच्या शेडमध्ये रोजावर बी फोडत होते. टरफलातला चीक हाताला लागला की कातडी जळते, माझ्या दोन्ही हातांची सालं कितीदा गेली ते मला माहीत. तिसऱ्या बाळंतपणानंतर तेराव्या दिवशी मी बीचं पोतं डोक्यावर घेऊन चढण चढले होते. हे मी पुढे कित्येक वर्षं बायकांना बढाईने सांगायचे. "आणि तुम्हाला साधी पाटी उचलवत नाय?" बढाई कशाची मारावी हे माणसाला उशिरा कळतं.

बी घेताना मी एक गोष्ट कधी चुकवली नाही. पोत्याच्या तोंडाशी चांगली बी असते, ती बघायची नसते. पोतं उलटं करायचं, तळातली शंभर बी मोजून घ्यायची आणि अडकित्त्याने एकेक फोडून आतला गर बघायचा. काळा किती, पोचट किती, किडका किती. शंभर म्हणजे शंभर. विकणारा कितीही चुळबुळला, देवाची शपथ घेतली, चहा मागवला, तरी नव्याण्णववर मी थांबत नाही. या माझ्या सवयीला आमच्या भागात लोक हसतात, आणि मला बी विकताना तळ आधी स्वतः तपासून येतात.

हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढे मी जे केलं त्याची लाज नीट कळावी.

एका वर्षी ऐन हंगामात मी एका बागायतदाराच्या ओटीवर बसले होते. पांढरा लेंगा, हातात मोबाईल, आणि बोलणं असं की जणू काजू त्यानेच जगात आणला. सौदा रंगात आला होता. मी उठायच्या बेतात होते आणि मला शिंक आली. एकच. साडी मागून ओली झाली.

लघवी सुटायचं तीन-चार वर्षं चालू होतं. खोकले की थेंब, हसले की थेंब, पोतं उचललं की त्याहून जास्त. कपडा घ्यायचे, गडद साडी नेसायचे, कुठेही गेले की आधी मोरी कुठे ते बघायचे. पण त्या दिवशी कपडा पुरला नाही. मी ओटीवर बसूनच राहिले. त्याने पहिल्यांदा सांगितलेला भाव मी उठल्याशिवाय खाली येणार नव्हता, आणि मी उठू शकत नव्हते. तो बेरकी होताच. बाई उठत नाही म्हणजे बाईला गरज आहे, एवढं त्याला कळलं. "घ्यायची असेल तर घ्या काकी, नायतर मालगुंडचा व्यापारी उद्या येतोच आहे." मी घेतली, त्याच्या भावाने. त्याची बायको पाणी घेऊन बाहेर आली, माझ्याकडे एकदा बघितलं आणि नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही जरा बागेतल्या गड्यांकडे बघून या." त्याला तिथून घालवलं, मला आतली वाट दाखवली. त्या घरात अक्कल कुणाकडे होती ते मला तेव्हा कळलं.

घरी आल्यावर मी ठरवलं, आता इलाज करायचा. हंगामाचा माल उरकेपर्यंत थंडी पडली.

आमच्याकडे बाईच्या बेंबीपासून गुडघ्यापर्यंतच्या सगळ्या शरीराला एकच नाव आहे: कंबर. पाळी अडली तरी कंबर, अंग, म्हणजे गर्भपिशवी, बाहेर आलं तरी कंबर, लघवी सुटली तरी कंबर. शेडमधल्या अकरा जणींपैकी सात जणींची अशी कंबर आहे हे मला नंतर कळलं. आधी कुणी बोलली नव्हती, मीही नाही. माझे यजमान मुंबईत कंपनीत होते, गणपतीला आणि शिमग्याला यायचे. त्यांना फोनवर सांगितलं, कमरेचं दाखवायला जाते. ते म्हणाले, "तेल लाव."

रत्नागिरीत एका खासगी दवाखान्यात गेले. नाव लिहीत नाही, लिहिण्याची त्याची लायकी नाही. डॉक्टर वयाने माझ्याच आगेमागे असेल, तरी मला मावशी म्हणाला. तपासलं आणि म्हणाला, "मावशी, लघवीचा झडपेसारखा भाग सैल झालाय आणि अंगही थोडं खाली आलंय. दोन्हीवर एकदम इलाज करू. जाळी बसवू."

"जाळी म्हणजे?"

"मच्छरदाणी असते ना, तशी बारीक. आतून आधार देते. तुम्हाला कळणारसुद्धा नाही."

"आणि जाळीशिवाय?"

"टाके घालून होतं. पण मग तीन महिने वजन उचलायचं नाही, जपायचं. जाळीत तिसऱ्या दिवशी घरी."

तीन महिने आणि तीन दिवस. डिसेंबर चालू होता, मार्चमध्ये बी यायला लागते. मी तिथल्या तिथे हिशेब केला आणि वर घासाघीस सुरू केली. कशावर? तर दिवसांवर! तिसऱ्या दिवशी सकाळी सोडणार की संध्याकाळी? टाके काढायला पुन्हा यायला लागेल का? शेडमध्ये कधी बसू? पोतं कधी उचलू? डॉक्टर हसत होता. शेडमध्ये बसायला त्याने आधी आठवडा सांगितला, मग आढेवेढे घेत तो सहा दिवसांवर आणला, आणि मला वाटलं मी जिंकले. आता वाटतं, त्याने तो आठवडा सोडण्यासाठीच आधी सांगितला असेल. हा डाव मी रोज खेळते आणि मलाच ओळखू आला नाही.

जाळी कुठली, कशाची, किती वर्षांची, बिघडली तर काय, काढता येते का, यातलं मी एक अक्षर विचारलं नाही. व्यायामाने काही होतं का, आधाराला बसवायची रिंग असते का, तेही नाही. त्यानेही सांगितलं नाही. शंभर बी फोडून बघणाऱ्या बाईने आपल्याच अंगात जायच्या वस्तूचं पोतं उघडून बघितलं नाही. कागदावर सही यजमानांची घेतली. ते खास त्यासाठी मुंबईहून आले होते. कागद इंग्रजीत होता. त्यांनी वाचल्यासारखं केलं, पान उलटून मागची कोरी बाजूसुद्धा बघितली.

तिसऱ्या दिवशी मी घरी आले, आणि खरं सांगायचं तर गुण आला. खोकले, कोरडी. हसले, कोरडी. मार्चमध्ये त्याच बागायतदाराच्या ओटीवर गेले, दोन वेळा उठले आणि दुसऱ्या वेळी पार फाटकापर्यंत चालत गेले, नुसत्या मजेसाठी. तो फाटकापर्यंत मागे आला.

मग मी गावभर डंका पिटला. शेडमध्ये बायकांना सांगितलं, विहिरीवर सांगितलं, माझ्या धाकट्या जावेला तर दहा वेळा सांगितलं. आमची घरं एकाच अंगणात आहेत. ती मला अक्का म्हणते. गरीब बाई, भाजीवाल्याने सांगितलेला भाव देऊन वर त्याला कोकमाचं सरबत देणारी. पाण्याचे हंडे, गवताचे भारे, दोन म्हशी, सगळं तिच्या डोक्यावर. मला कळलं होतं की तिचं अंग बाहेर येतं, बसताना हाताने सावरून बसते. मी तिला म्हटलं, "काय रडतखडत बसतेस? तिसऱ्या दिवशी घरी! मी नाय का आले?" ती म्हणाली, "बघू अक्का. म्हशी व्याल्यावर."

आषाढात मला आत टोचायला लागलं. आधी वाटलं, बसून बसून असेल. मग डाग दिसायला लागले, वास यायला लागला, लघवीला जळजळ. महिन्यातून एकदा गोळ्या, मग दोनदा. बसणं नकोसं झालं. कडक खुर्चीवर बसले तर उठताना मांडीच्या मुळातून कळ जायची ती गुडघ्यापर्यंत.

त्याच डॉक्टरकडे गेले. बाहेर दीड तास, आत चार मिनिटं. "वय झालं मावशी, कोरडेपणा येतो." मलम दिलं. दुसऱ्यांदा गेले. "ऑपरेशन उत्तम झालंय. लघवी थांबली ना? मग?" तिसऱ्यांदा म्हणाला, "तुम्ही फार विचार करता. भजनाबिजनात मन रमवा." मला! मी अकरा बायकांचा रोज, दोन व्यापाऱ्यांचे फोन आणि विजेचा लपंडाव एका वेळी सांभाळते, आणि हा मला मन रमवायला सांगतो. त्याचं टेबल उलटवावं असं वाटलं. उलटवलं नाही, कारण उठताना कळ यायची.

गणपतीला यजमान आले. चौथ्या दिवशी त्यांनी तक्रार केली, "तुझ्या आत कायतरी टोचतंय. तारेसारखं." मी दोन महिने हेच सांगत होते, फोनवर, रडून, ओरडून. त्यांना एकदा टोचलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते डॉक्टरला फोन करत होते. आणि ऐका, डॉक्टरनेही लगेच बोलावलं. बाईला टोचतं ते मनाचं, पुरुषाला टोचतं ते खरं. तपासून डॉक्टर म्हणाला, जाळीची किंचित कड वर आली आहे, होतं असं कधीकधी, मिस्टरांनी थोडे दिवस जपावं. मिस्टरांनी!

मी त्याच्या हातची पुढची गोळीही घेतली नाही. कोल्हापूरला गेले. घरात सांगितलं, काजू सोलायचं मशीन बघायला जाते.

तिथे एक डॉक्टरबाई होत्या. बोलणं रोखठोक, गोड अजिबात नाही, म्हणून मला विश्वास वाटला. त्यांनी तपासलं, मग कागदावर चित्र काढून दाखवलं. जाळी योनीच्या भिंतीतून बाहेर आली होती. बाहेर आलेला तुकडा त्या भूल देऊन कापणार होत्या.

"सगळीच काढा," मी म्हटलं.

"सगळी निघेलच असं सांगता येत नाही. मांस तिच्यात वाढलेलं असतं. ओढून काढायला गेलं तर मूत्राशयाला इजा होऊ शकते. आधी एवढं करू, मग बघू."

"म्हणजे ही बसवायची तेव्हा तासाभरात बसते आणि काढायची म्हटलं तर निघत नाही?"

"हो. म्हणूनच बसवण्याआधी हे सांगायचं असतं. तुम्हाला सांगितलं नव्हतं?"

त्या पुढे म्हणाल्या की लघवीसाठी जी अरुंद पट्टी घालतात ती पुष्कळ बायकांना चांगली मानवते, तिला सरसकट नावं ठेवू नका. पण अंग खाली आल्यावर खालच्या वाटेने मोठी जाळी बसवायचं काही देशांनी बंद केलं आहे, कारण बायकांना माझ्यासारखे त्रास झाले आणि त्या गप्प बसल्या नाहीत. ऑपरेशन म्हटलं की धोका आलाच, टाक्यांच्या ऑपरेशनलाही आहे, ते पुन्हा सैल पडू शकतं. आणि पुष्कळ जणींना आधी ऑपरेशन लागतच नाही. शिकवलेला व्यायाम करून, रिंग बसवून भागतं. "तुम्हाला नक्की काय बसवलंय? त्या पाकिटावर लेबल असतं, ते तुमच्या कागदात चिकटवायचं असतं. ते आणा."

त्यांनी तुकडा कापला. टोचणं बरंच कमी झालं. कळ राहिली. आणि लघवी थोडी थोडी परत सुटायला लागली.

लेबल आणायला रत्नागिरीला गेले. काउंटरवरच्या मुलीने सांगितलं, डॉक्टर बिझी आहेत. मी म्हटलं, असू दे, मला घाई नाही. बाहेरच्या बाकावर बसले, शेजारी सात-आठ बायका होत्या. एकीने सहज विचारलं, "तुम्हाला काय होतंय?" आणि मी आयुष्यात पहिल्यांदा कंबर न म्हणता, मोठ्याने, एकेका अवयवाचं नाव घेऊन सगळं सांगितलं. तिसऱ्या वाक्याला मला आत बोलावलं.

डॉक्टर म्हणाला, "मावशी, विश्वास नाही का आमच्यावर?"

"विश्वास पुष्कळ केला. आता कागद द्या."

माझे कागद मागायचा मला हक्क आहे हे कोल्हापूरच्या बाईंनी सांगूनच पाठवलं होतं. लेखी अर्ज दिला, पोच घेतली, चौथ्या फेरीला झेरॉक्स मिळाली. त्यात लेबल चिकटवायचा चौकोन होता. चौकोन कोरा. माझ्या शेडमधून अर्धा किलोचं पाकीट बाहेर जातं त्यावर बॅच नंबर असतो. खवट निघालं तर कुठल्या पोत्यातलं ते मी सांगू शकते. माझ्या अंगात जे आयुष्यभर राहणार आहे त्याला नंबर नाही.

एवढं होऊनही मी घरी कुणाला काही बोलले नाही. यजमानांना तेवढं माहीत. व्यापारी फसला तर तो बाजारात सांगत नाही, नाहीतर दुसऱ्या दिवसापासून जो तो त्याला फसवायला येतो. हा धंद्यातला शहाणपणा मी घरात वापरला. विहिरीवर कुणी विचारलं, "कशी हाय गो कंबर?" की म्हणायची, "टकाटक!"

मग शिमगा आला.

आमच्याकडे शिमग्याला देवाची पालखी घरोघर येते. अंगणात पालखी टेकली की घरातली बाई ओटी भरते, आणि मानकरी त्या घराच्या वतीने देवापुढे गाऱ्हाणं घालतो. कुणाच्या पोराची नोकरी, कुणाचं लग्न, कुणाचा भाऊबंदकीचा खटला, सगळं मोठ्याने देवाच्या कानावर घालायचं आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी "व्हय महाराजा" म्हणून साथ द्यायची. मुंबईकर आलेले असतात, अंगण भरलेलं असतं. त्या दिवशी ओटी भरून झाल्यावर दीर, म्हणजे जावेचा नवरा, पुढे झाला आणि मानकऱ्याच्या कानाशी लागला. मानकऱ्याने घसा साफ केला.

"बा देवा महाराजा! आज ही तुझी लेकरं तुझ्या पायाशी उभी हायत..."

"व्हय महाराजा!"

"ह्या घरातल्या धाकट्या सुनेचं सोमवारी कमरेचं आपरेशन हाय..."

"व्हय महाराजा!"

"जसा थोरलीला गुण दिलास, तसाच धाकटीला पण दे रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

अंगणातली पन्नास माणसं माझ्या नावाने ओरडली. जाऊ हात जोडून उभी होती, डोळे मिटलेले. यजमान माझ्या शेजारी होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पायातल्या चपलांकडे बघितलं, आणि सगळ्यांबरोबर तेही ओरडले, "व्हय महाराजा!" माझ्या हातात नारळ होता आणि तो कुणाच्या डोक्यात घालावा हे ठरत नव्हतं. बहुतेक माझ्याच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी अंगणातला गुलाल झाडत होतो. तिने खराटा हातात घेतला की आधी एक हात पोटाखाली धरते, मग वाकते. मी म्हटलं, "सोमवारी जाऊ नकोस."

"का अक्का?"

मी सांगितलं. टोचणं, डाग, कोल्हापूर, कापलेला तुकडा, कोरा चौकोन. ती खराटा धरून उभी राहिली. मला वाटलं, रडेल. ती रडली नाही.

"आषाढापासून?"

"हो."

"आणि आता शिमगा. एवढे महिने तुम्ही मला टकाटक म्हणून सांगत होतात?"

मी सहसा कुणाचं ऐकून घेत नाही. तिचं ऐकून घेतलं. ती म्हणाली, "तुम्हाला म्हशीच्या सौद्यात कुणी फसवलं असतं तर तुम्ही मला पहिल्या दिवशी सांगितलं असतंत, की त्या माणसाकडे जाऊ नको. मी काय म्हशीपेक्षा कमी झाले?" आणि ती उरलेलं अंगण एकटी झाडू लागली. मला खराट्याला हात लावू दिला नाही.

दुपारी ती माझ्या दारात आली. "सोमवारी जाणार. पण तुम्ही बरोबर चला. त्याच्या तोंडून ऐकायचंय."

सोमवारी आम्ही तिघं गेलो. दीर बाहेर बसला, पिशवीत तिचे गाऊन आणि थर्मास घेऊन. डॉक्टरने मला बघितलं आणि त्याचं हसू किंचित लांबलं, तुटलं नाही. ते कसब त्याच्याकडे आहे. "अरे वा, मावशी! आता तुम्हीच सांगा तुमच्या जाऊबाईंना, किती लवकर कामाला लागलात ते."

"लागले. आणि त्यानंतरचं तुम्ही सांगा."

"प्रत्येकीचं शरीर वेगळं असतं."

"मग जाळी का एकच? रिंग बसवून बघितली का हिला? व्यायाम सांगितलात? टाक्यांचं सांगितलंत? लेबल चिकटवणार का या वेळी, की चौकोन कोराच?"

तो खुर्चीत मागे रेलला. "तुम्ही प्रत्येक गोष्टीत घासाघीस करता. हा दवाखाना आहे, काजूचा बाजार नाही."

"काजूचा असता तर मी शंभर फोडून बघितले असते."

मी आणखी बोलणार होते. माझ्याकडे अजून पाऊण तासाचं बोलणं तयार होतं, बसमध्ये सगळं जुळवलं होतं. तेवढ्यात जाऊ बोलली. तिचा आवाज एवढा हळू होता की डॉक्टरला पुढे वाकावं लागलं.

"डॉक्टर, नाय मानवली तर ही जाळी परत काढता येते काय?"

"तशी वेळ येत नाही हो ताई."

"आली तर?"

"आपण चांगलाच विचार करू या ना."

"तो मी करतेच आहे. आली तर?"

त्याने तिची फाईल उघडली, बंद केली. घड्याळाकडे बघितलं. मग टेबलावरची घंटी वाजवली, बाहेरच्या मुलीला आत बोलावण्यासाठी.

जाऊ उठली. हाताने सावरलं, पदर नीट घेतला, फाईल त्याच्या टेबलावरून उचलून काखेत मारली. ज्या बाईने आयुष्यात मेथीच्या जुडीचा भाव केला नाही ती. "चला अक्का," म्हणाली आणि दाराकडे निघाली. तिने मागे वळून बघितलं नाही. डॉक्टरने खरंच हाक मारली, "ताई, अहो बसा तरी..." चौथ्या पावलाला. मी मोजत होते.

मी मात्र खुर्चीतच होते. कळ मांडीच्या मुळातून गुडघ्यापर्यंत गेली होती आणि खाली ओलंही लागत होतं. खुर्चीचे दोन्ही हात धरून मी थांबले. डॉक्टर माझ्याकडे बघत होता. त्याला काय वाटायचं ते वाटो. अर्ध्या मिनिटाने उठले आणि बाहेर आले.

पुढच्या आठवड्यात आम्ही कोल्हापूरला गेलो, या वेळी घरात खरं सांगून. डॉक्टरबाईंनी तिला रिंग बसवली, कशी काढायची, धुवायची, परत घालायची ते शिकवलं. तपासायला कधी यायचं ते लिहून दिलं आणि व्यायामाचा कागद दिला. पुढे पाहिजे तर टाक्यांचं ऑपरेशन करू म्हणाल्या, त्यात काय बिघडू शकतं तेही सांगितलं, मराठीत. ठरवायचं तिने. तिने अजून ठरवलेलं नाही. हंडे आता दीर आणतो, मोटारसायकलला दोन्ही बाजूंना कॅन बांधून. डोक्यावर आणताना लोक बघतील म्हणे. बायकोच्या डोक्यावर वीस वर्षं होते तेव्हा लोक आंधळे होते.

पण सांगायचं राहिलं ते त्या सोमवारच्या परतीचं. एसटीत आम्ही दोघी एका बाकावर होतो, दीर पुढे झोपला होता, थर्मास मांडीवर. हातखंबा फाटा गेल्यावर ती म्हणाली, "अक्का, मी उठले तेव्हा तुम्ही लगेच नाय उठलात. मला वाटलं अजून भाव करताय त्याच्याशी."

मी खिडकीतून बाहेर बघत होते. नेहमीसारखं टकाटक उत्तर तोंडाशी आलं होतं.

"नाय गो," मी म्हटलं. "उठताच येत नव्हतं."